घरातील व्यवसाय आणि नगररचनेचा नियम

वसई परिसरातील अनेक कॅथलिक घरांतून आज काही ना काही उद्योग चालतो. कुणी नाताळचे केक व फराळाचे पदार्थ करून देते, कुणी बाटली मसाला, तर कुणी प्रथम कम्युनियनचे व लग्नाचे पोशाख शिवते. व्यवसाय लहान असतो तोवर कुणी विचारीत नाही. मागणी वाढते, गिऱ्हाइकांच्या दुचाक्या गल्लीत उभ्या राहू लागतात, आणि एके दिवशी शेजाऱ्याच्या तक्रारीवरून महापालिकेची नोटीस दारात येते. तेव्हा उद्यम प्रमाणपत्र व अन्न नोंदणीचा कागद पुढे केला जातो. पण त्यांनी या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

उद्यम नोंदणी (जुलै २०२० पासून) आपला उद्योग सूक्ष्म किंवा लघू आहे, एवढेच सांगते. अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी खाद्यपदार्थ विकणाऱ्यास घेतलीच पाहिजे. पण तिचा संबंध अन्नाच्या शुद्धतेशी आहे. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने लहान आस्थापनांना नोंदणीऐवजी केवळ ऑनलाइन सूचना देण्याची सोय केली, तीही कामगारांच्या सेवाशर्तींसाठी. राहत्या जागेत व्यवसाय करता येतो की नाही, हे या तिन्हींपैकी एकही कागद ठरवीत नाही. (घरी केलेली वाइन विकणे हा तर दारूबंदी कायद्याचा विषय आहे, परवान्यावाचून ती विकणे गुन्हा ठरतो.)

जागेच्या वापराचा निर्णय महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार होतो. त्यात ‘विकास’ म्हणजे केवळ बांधकाम नव्हे. इमारतीच्या वापरात मोठा बदल करणे हाही विकासच, आणि त्यास कलम ४३ नुसार परवानगी लागते. म्हणजे भिंतीला हात न लावताही नियमभंग होऊ शकतो.

मात्र घरगुती उद्योगासाठी नियमाने दार बंद केलेले नाही. मुंबई महानगरपालिका व काही विशेष क्षेत्रे वगळता राज्यात डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. निवासी विभागात, अगदी अरुंद रस्त्यावरील घरातही, ती रूढ घरगुती व्यवसायांना मुभा देते. शिवणकाम, भरतकाम, ब्यूटी पार्लर, बटणे बनविणे ही उदाहरणे तिनेच दिली आहेत. अटी दोन: काम कुटुंबातील व्यक्तींनीच करावे, पगारी मजूर ठेवू नये, आणि यंत्रशक्ती वापरल्यास एकूण विद्युतभार ०.७५ किलोवॅट, म्हणजे एक अश्वशक्तीपेक्षा अधिक नसावा.

यातील पहिली अट लोकांच्या लक्षातच येत नाही. आई, मुलगी व सून मिळून कितीही झगे शिवोत, ते घरगुती काम होय. त्याच खोलीत पगारी मुलगी मशीनवर बसली की ही सवलत संपते. वाढत्या धंद्यात सर्वप्रथम मदतनीसच लागते, हे पाहता ही अट कडक वाटते. पण नियम असा आहे खरा. शिलाई यंत्राची लहान मोटर दुसऱ्या अटीत सहज बसते, मसाला कुटण्याचे यंत्र बहुधा बसत नाही. केकचे काम उदाहरणांत नाही. ‘इत्यादी’ या शब्दात ते येते, असे गृहीत धरण्यापेक्षा नगररचना विभागास लेखी विचारलेले बरे.

तत्पूर्वी आपले घर कोणत्या विभागात आहे, हे झोन दाखला घेऊन पाहावे. वरील मुभा निवासी विभागाची आहे. वसईच्या पश्चिम पट्ट्यातील हरित क्षेत्रातल्या घरांना निकष वेगळे लागतात. इमारत अधिकृत असणेही तितकेच आवश्यक. १७ डिसेंबर २०२४ रोजी मेरठच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अनधिकृत इमारतीत, मग ती निवासी असो वा व्यापारी, कोणत्याही प्राधिकरणाने व्यवसायाचा परवाना देऊ नये असा आदेश दिला. घर भाड्याचे असो वा मालकीचे, भोगवटा प्रमाणपत्राची प्रत हाती असावी.

गृहनिर्माण संस्थेत राहणाऱ्यांनी उपविधी पाहून समितीची लेखी संमती घ्यावी. तोंडी होकार समिती बदलली की उरत नाही. अनिवासी दराने मालमत्ता कर भरला म्हणून वापर नियमित होतो, हाही गैरसमजच. विजेबाबत मात्र दिलासा आहे: २०२० च्या वीजदर आदेशात घराच्या काही भागात व्यवसाय करणाऱ्यास, वापर महिन्याला ३०० व वर्षाला ३,६०० युनिटपर्यंत असल्यास, घरगुती दरच ठेवला होता. दरपत्रक बदलत असल्याने चालू वर्षाची अट महावितरणच्या कार्यालयात विचारावी.

ज्यांना पगारी मदतनीस ठेवणे भागच आहे, त्यांनी नोटिशीची वाट न पाहता रुंद रस्त्यावर, वाणिज्य वापरास मंजुरी असलेला लहान गाळा पाहावा. दोघी-तिघींनी मिळून तो घेतल्यास भाडे विभागले जाते. मागणी घेणे, हिशेब आणि घरच्यांनी करायचे काम पूर्वीप्रमाणे घरी चालू ठेवता येते.