कर्जाची वही आणि कर्जदाराचा हक्क

भिवंडींत यंत्रमाग थांबला, तर तें डोळ्यांआधीं कानांना कळतें. कामवारी नदीकांठच्या या शहरांत मागांचा खडखडाट इतका अंगवळणीं पडलेला आहे, कीं एखाद्या गाळ्यांतील शांतताच शेजाऱ्यांना चमकविते. सुताचा भाव चढतो, कापडाला गिऱ्हाईक मिळत नाहीं, कारागीर गांवीं निघून जातात. कारण कोणतेंहि असो, माग थांबल्यावर पुढची पायरी बहुधा ठरलेली असते. बँकेचा हप्ता चुकतो. दोन, चार, सहा महिने जातात, आणि मग एका अपरिचित माणसाचा दूरध्वनि येऊं लागतो. तो बँकेचें नांव सांगतो, एक रक्कम सांगतो आणि ती आजच्या आज भरण्याचा तगादा लावतो. ती रक्कम झाली कशी, हें मात्र तो सांगत नाहीं.

हें पहिलें संकट झालें. दुसरें याहून गुपचूप येतें. मागवाला पुढें सांवरतो, नवा माग घेण्यासाठीं किंवा मुलीच्या शिक्षणासाठीं दुसऱ्या बँकेच्या दारीं जातो, आणि तेथला अधिकारी एका कागदाकडे पाहून नकाराची मान हलवितो. त्या कागदावर जुनें कर्ज थकलेलें दाखविलेलें असतें. कधीं तें खरोखर थकलेलें असतें, कधीं फिटलेलें असतें, तर कधीं तें त्या माणसानें घेतलेलेंच नसतें. तरीहि लाजेनें म्हणा, भीतीनें म्हणा, पुष्कळ माणसें तेथूनच माघारी फिरतात. कर्ज घेतलेल्यानें प्रश्न विचारूं नये, अशी एक जुनी समजूत समाजांत आहे. ती चुकीची आहे, हें महाराष्ट्राला दीडशें वर्षांपूर्वीं फार मोठी किंमत देऊन कळलें होतें.

१८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें असतां इंग्लंडच्या गिरण्यांना हिंदुस्थानचा कापूस हवा होता. त्या वर्षांत दख्खनच्या शेतकऱ्याला सावकाराकडून हवें तेवढें कर्ज मिळालें. युद्ध संपलें, कापसाचा भाव कोसळला. त्यांतच सरकारनें नवी आकारणी करून शेतसारा वाढविला, आणि सावकारानें हात आखडता घेतला. शिवाय १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें साध्या रोख्याची मुदत तीन वर्षांची ठरविली होती. हेतु ऋणकोच्या हिताचा होता. पण सावकारानें त्यांतूनहि वाट काढली. दर तीन वर्षांनीं तो थकलेलें व्याज मुद्दलांत मिळवी आणि नवा रोखा लिहून घेई. शेतकऱ्याला अक्षरओळख नसे. अंगठा कशावर उठविला हें त्याला ठाऊक नसे, आणि भरलेल्या रकमेची पावती त्याच्या हातीं पडत नसे.

१२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें या बाजारपेठेच्या गांवीं आसपासचे शेतकरी जमले. त्यांनीं सावकारांच्या वह्या आणि रोखे मागितले व त्यांची होळी केली. हें लोण नगर जिल्ह्यांतहि पसरलें. घरें जळालीं, दुकानें लुटलीं गेलीं; परंतु जमावाचा मुख्य रोख कागदांवर होता, आणि जेथें ते मुकाट्यानें मिळाले तेथें सावकाराच्या अंगाला सहसा कोणी हात लावला नाहीं. पुढें शेकडों लोकांना अटक झाली. सरकारनें चौकशीसाठीं आयोग नेमला, आणि १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा झाला. तो प्रथम पुणें, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला.

या कायद्यानें न्यायाधीशाला सांगितलें, कीं केवळ शेवटचा रोखा पाहून निकाल देऊं नये. व्यवहार पहिल्या दिवसापासून तपासावा. मुद्दल किती, व्याज किती, फेड किती, हें निराळें काढावें. सावकारानें पावती द्यावी, हिशेबाचा उतारा द्यावा. या कायद्यानें कर्जाची पिडा नाहींशी झाली नाहीं. पण कर्ज मागणाऱ्यानें आधीं हिशेब दाखवावा, हें तत्त्व त्यानें या प्रांतांत कायम केलें. मुंबई सरकारचा १९४६ चा सावकारीविषयक कायदा आणि महाराष्ट्राचा २०१४ चा सावकारी नियमनाचा कायदा हे त्याच वाटेनें गेले.

आजची वही सावकाराच्या पेटींत नसते. २००० सालीं मुंबईंत सिबिल ही संस्था स्थापन झाली आणि २००५ सालीं पतमाहिती कंपन्यांचा कायदा झाला. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्यांना देशांतील बँका व वित्तसंस्था प्रत्येक ऋणकोची माहिती पुरवितात. कर्ज केव्हां घेतलें, कोणता हप्ता किती दिवस चुकला, शिल्लक किती, हें सारें त्यांत असतें. त्यावरून ३०० ते ९०० यांमधील एक गुणांक काढला जातो. २०१५ पासून प्रत्येक धनको संस्थेला या चारहि कंपन्यांचें सभासद व्हावें लागतें. म्हणून एका बँकेंतील चूक चार वह्यांत उतरूं शकते. जो दुसऱ्यासाठीं जामीन राहिला, त्याच्याहि अहवालांत तें कर्ज दिसतें. शेजाऱ्याच्या मागांसाठीं सही केलेल्या माणसाला हें पुष्कळदां फार उशिरां समजतें.

या वहीची एक गोष्ट मात्र सुप्याच्या वहीहून चांगली आहे. ती ऋणकोला वाचतां येते. रिझर्व्ह बँकेच्या २०१६ च्या आदेशानें प्रत्येक कंपनीला वर्षांतून एकदां संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा लागतो. चार कंपन्यांचे चार अहवाल मागवून ते घरच्या पावत्यांशीं ताडून पाहणें, ही पहिली पायरी होय. अहवाल इंग्रजींत असेल तर घरांतल्या शिकलेल्या मुलाला शेजारीं बसवावें. नांव, पत्ता आणि पॅन क्रमांक बरोबर आहेत काय? प्रत्येक कर्ज आपलेंच आहे काय? फिटलेलें कर्ज बंद दाखविलें आहे काय? बँकेनें कर्ज एखाद्या मालमत्ता पुनर्रचना कंपनीला विकलें असेल, तर तें दोघांच्या नांवें दोनदां तर दिसत नाहीं ना? या प्रश्नांचीं उत्तरें प्रथम मिळवावीं.

आतां रकमेचा प्रश्न. समजा, एका मागवाल्यानें दोन लाख रुपये कर्ज घेतलें, एक लाख चाळीस हजारांचें मुद्दल फेडलें आणि मग हप्ते थांबले. वसुलीचा माणूस त्याच्याकडे एक लाख दहा हजार मागतो. साठ हजार मुद्दलाचे झाले. वरच्या पन्नास हजारांत करारांतील व्याज किती, दंड किती आणि खर्च किती, हें खातेउताऱ्यावांचून कोणालाहि सांगतां येणार नाहीं. तो उतारा बँकेकडे लेखी मागावा. १८ ऑगस्ट २०२३ च्या सूचनेनें रिझर्व्ह बँकेनें असें ठरविलें, कीं हप्ता चुकल्याचा दंड हा केवळ आकार म्हणून घ्यावा, व्याजाच्या दरांत मिळवूं नये आणि त्यावर पुन्हां व्याज चढवूं नये. त्याआधीं २०२० सालीं टाळेबंदींत मार्च ते ऑगस्टपर्यंत हप्ते लांबणीवर टाकण्याची सवलत मिळाली होती. त्या काळाच्या व्याजावर व्याज घेतां येणार नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २३ मार्च २०२१ रोजीं दिला. व्याज मुद्दलांत मिळवून नवा रोखा करण्याची जुनी युक्ति अजून विसरली गेलेली नाहीं, हें यावरून दिसतें.

तगादा लावणारा माणूस कोण, हेंहि पाहिलें पाहिजे. तो धनको नव्हे. धनकोचा प्रतिनिधि आहे, आणि त्याच्या वर्तनाची जबाबदारी धनको संस्थेवर असते. रिझर्व्ह बँकेच्या २००८ च्या सूचनांप्रमाणें बँकेनें त्याची माहिती ऋणकोला कळवावयाची असते, आणि त्यानें ओळखपत्र व अधिकारपत्र बाळगावयाचें असतें. त्याच सूचनांत एक महत्त्वाचें कलम आहे: ऋणकोनें तक्रार केलेली असेल, तर तिचा निकाल लागेपर्यंत बँकेनें तें प्रकरण वसुलीवाल्याकडे सोंपवूं नये. तक्रारी वारंवार व निराधार आहेत, असा पुरावा बँकेजवळ असेल तरच याला अपवाद. २०२२ च्या सूचनेनें सकाळीं आठपूर्वीं आणि सायंकाळीं सातनंतर दूरध्वनि करण्यास मनाई झाली. बचतगटांतील स्त्रिया घेतात त्या सूक्ष्मकर्जांना तर सकाळीं नऊ ते सायंकाळीं सहा अशी मर्यादा आहे. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांसमोर अपमान, या गोष्टी कोणत्याहि वेळीं वर्ज्य आहेत. त्या घडल्यास तारीख, वेळ आणि क्रमांक टिपून ठेवावे. पैसे द्यावयाचे झाल्यास ते कर्जखात्यांतच भरावे. दारांत आलेल्याच्या हातीं पावतीशिवाय देऊं नयेत.

अमेरिकेंत १९७७ च्या एका कायद्यानें ऋणकोला असा अधिकार दिला, कीं नोटीस मिळाल्यापासून तीस दिवसांत त्यानें कर्जाला लेखी हरकत घेतली, तर वसुलीवाल्यानें कर्जाचा दाखला पाठवीपर्यंत तगादा थांबवावा. भारतांत असा एकच सुटसुटीत कायदा नाहीं. येथें ऋणकोचे अधिकार निरनिराळ्या सूचनांत विखुरलेले आहेत. म्हणूनच ते माहीत असणें अधिक अगत्याचें आहे.

जुन्या कर्जाच्या बाबतींत एक सावधगिरी हवी. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणें तारण नसलेल्या साध्या कर्जाची फिर्याद सामान्यतः तीन वर्षांत लावावी लागते. मुदत संपण्यापूर्वीं ऋणकोनें कर्ज लेखी कबूल केलें, किंवा थोडी रक्कम भरली आणि तिची त्याच्या सहीनिशीं नोंद झाली, तर मुदत नव्यानें मोजली जाते. मुदत संपल्यावरहि लेखी वचन दिल्यास तें बंधनकारक ठरूं शकतें. यास्तव “नुसती सही करा, बाकी पुढें पाहूं” असें कोणी म्हटलें, तर कागद वाचल्याशिवाय हात पुढें करूं नये. मुदत टळली म्हणून अहवालांतील नोंद आपोआप पुसली जाते, असेंहि मात्र समजूं नये.

अहवालांत चूक आढळल्यास ती दुरुस्त करण्याची रीत ठरलेली आहे. संबंधित पतमाहिती कंपनीकडे आणि धनको संस्थेकडे लेखी तक्रार करावी. तिच्याबरोबर पावत्या, खातेउतारा आणि कर्जफेडीचा दाखला यांच्या प्रती जोडाव्या, आणि तक्रार क्रमांक जपून ठेवावा. कंपनी स्वतःच्या मर्जीनें नोंद बदलूं शकत नाहीं. धनको संस्थेनें रुजवात द्यावी लागते. तिला त्यासाठीं २१ दिवस आहेत आणि एकंदर मुदत ३० दिवसांची आहे. २६ ऑक्टोबर २०२३ च्या सूचनेनें असें ठरलें, कीं यापुढें होणाऱ्या विलंबाच्या प्रत्येक दिवसाला तक्रारदारास १०० रुपये भरपाई मिळावी. २६ एप्रिल २०२४ पासून हा नियम अमलांत आला. तक्रार फेटाळली तर कारण सांगावें लागतें. तीस दिवसांत उत्तर आलें नाहीं किंवा आलेलें उत्तर पटलें नाहीं, तर विलंब न लावतां रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागतां येते. १ सप्टेंबर २०२२ पासून पतमाहिती कंपन्याहि या योजनेखालीं आल्या आहेत. स्त्रिया, कामगार, अनुसूचित जाती व जमाती यांना १९८७ च्या विधि सेवा कायद्याप्रमाणें वकिलाचें साहाय्यहि मोफत मिळतें. त्यासाठीं तालुक्याच्या न्यायालयांतील विधि सेवा समितीकडे जावें.

हिशेब तपासल्यावर कर्ज खरेंच निघालें तर? तर तें फेडावें, हेंच उत्तर आहे. एकदम जमत नसेल तर हप्ते बांधून मागावे. कांहीं सूट घेऊन तडजोड केली, तर अहवालांत “बंद” असें न येतां “तडजोड” असा शेरा पडतो, आणि पुढचा धनको तो शेरा पाहून बिचकतो. तडजोडीपूर्वीं हें जाणावें; अटी लेखी घ्याव्या आणि पैसे भरल्यावर दाखला मिळवावा. लोकअदालतींत झालेली तडजोड हुकूमनाम्यासारखी असते व तिच्यावर अपील नाहीं, म्हणून तेथें जाण्यापूर्वींच हिशेब पाहिलेला असावा. पैसे घेऊन अहवाल “धुवून” देण्याचें वचन देणारे लोकहि हल्लीं पुष्कळ निघाले आहेत. चुकीची नोंद ऋणको स्वतः फुकट दुरुस्त करून घेऊं शकतो, आणि खरी नोंद कोणीहि पुसूं शकत नाहीं. मग त्यांना पैसे कशाचे द्यावयाचे? नियमित फेडीचीं कांहीं वर्षें, हाच खऱ्या डागावरील उपाय होय.

सुप्याच्या शेतकऱ्यांनीं वह्या जाळल्या, कारण त्या वाचण्याचा किंवा खोडून काढण्याचा दुसरा मार्ग त्यांच्यापुढें नव्हता. भिवंडीच्या मागवाल्याला तो मार्ग आहे. त्यासाठीं लागतात त्या वस्तु साध्या आहेत: पावत्यांची एक पिशवी, खात्याचा उतारा, तारीख घातलेलें पत्र आणि उत्तर येईपर्यंत धीर. बंद पडलेला माग पुन्हां चालूं करण्यास भांडवल लागतें, आणि भांडवल पतीवर मिळतें. ती पत कोणाच्या तरी चुकीच्या नोंदीमुळें गेलेली असेल, तर ती मागून घेण्यांत लाज कसली?