मुखपृष्ठावरील प्रार्थना

अंक हाती पडताच आपली दृष्टी प्रथम मुखपृष्ठाकडे जाते. क्षणभर आपण ते चित्र पाहतो आणि पान उलटतो. त्या एका क्षणासाठी चित्रकाराने किती दिवस वेचले असतील, याचा विचार आपल्यापैकी थोडेच करतात. आम्हीही करीत नव्हतो. परंतु एका मुखपृष्ठाची जन्मकथा वाचली आणि आमची दृष्टी पालटली.

अमेरिकेतील ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’ या नियतकालिकासाठी नॉर्मन रॉकवेल या चित्रकाराने १९१६ ते १९६३ या काळात ३०० हून अधिक मुखपृष्ठे रंगविली. त्यांपैकी २४ नोव्हेंबर १९५१ च्या अंकावरील मुखपृष्ठाविषयी आम्ही लिहीत आहोत. स्थळ आहे रेल्वेच्या आवाराशेजारचे एक साधे, गजबजलेले उपाहारगृह. तेथे एक वृद्धा आणि तिच्यासमवेत असलेला लहान मुलगा मस्तक लववून भोजनापूर्वीची प्रार्थना करीत आहेत. त्याच टेबलाशी दोन तरुण बसले आहेत. एकाच्या तोंडात सिगारेट तशीच राहिली आहे. आजूबाजूची माणसेही त्या दोघांकडे पाहत आहेत.

ही कल्पना मुळात चित्रकाराची नव्हे. फिलाडेल्फियातील एका वाचक भगिनीने मेनोनाइट पंथाच्या माणसांना उपाहारगृहात अशी प्रार्थना करताना पाहिले आणि ते रॉकवेल यांना पत्राने कळविले. पत्रातील ओळी वाचणे सोपे. त्यांचे चित्र करणे कठीण. रॉकवेल प्रथम लहानशी कच्ची रेखाटने करीत. मग शेजारीपाजारी शोधून योग्य चेहऱ्याची माणसे निवडीत, त्यांना हवे तसे बसवून छायाचित्रे काढवून घेत. या चित्रासाठी तर न्यूयॉर्कमधील एका उपाहारगृहातून टेबले-खुर्च्याही त्यांनी मागवून घेतल्या. त्यानंतर कोळशाने पूर्ण आकाराचे रेखाचित्र, रंगांचा छोटा नमुना, आणि सर्वांत शेवटी तैलरंग, असा त्यांचा क्रम असे.

एवढे श्रम कशासाठी? केवळ वृद्धा व बालक रंगविले असते, तर ते एक भाविक चित्र झाले असते, इतकेच. रॉकवेल यांनी आपले कसब पाहणाऱ्यांच्या मुद्रांवर वेचले. त्या मुद्रांवर कुतूहल आहे, किंचित संकोच आहे. परंतु उपहास नाही. अंक हाती घेणारा वाचकही नकळत त्या पाहणाऱ्यांपैकी एक होतो. मुखपृष्ठाला शब्दांची जोड नसते. एका दृष्टिक्षेपात जे सांगता येईल तेवढेच त्याचे बोलणे. म्हणून काय काढावे याइतकेच, पाहणाऱ्याला कोठे उभे करावे, हेही चित्रकाराला ठरवावे लागते.

रॉकवेल १९७८ साली निवर्तले. पुढे २०१३ च्या डिसेंबरात या मूळ चित्राला लिलावात ४ कोटी ६० लक्ष डॉलर मिळाले. परंतु आमच्या मनात घर करून राहिली आहे ती त्या वृद्धेची निःसंकोच वृत्ती. घरी आपण नेमाने प्रार्थना म्हणतो. पण उपाहारगृहात, चार अनोळखी माणसांदेखत, क्रूसाची खूण करताना आपला हात किती वेळा अडखळतो! लोक हसतील, असे आपणच ठरवून टाकलेले असते. रॉकवेल यांच्या चित्रातील एकही माणूस हसत नाही.