वीज गेली तरी टिकणारी स्मृती

संगणकावर खपून लिहिलेला मजकूर ‘सेव्ह’ करण्याआधीच वीज गेली, तर तो नाहीसा होतो. याचे कारण संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीच्या, म्हणजेच ‘डीरॅम’च्या रचनेत आहे. तीत माहिती सूक्ष्म धारित्रांमध्ये विद्युतभाराच्या रूपात साठवली जाते. हा भार सतत झिरपत असल्याने साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांच्या आत तो पुन्हा भरावा लागतो. साहजिकच संगणक निवांत असला, तरी केवळ लक्षात ठेवण्यासाठी वीज खर्च होत राहते. हजारो सर्व्हर अहोरात्र चालणाऱ्या माहिती केंद्रांत हा भार दुर्लक्षिण्याजोगा नसतो.

यावर उपाय शोधणारी शाखा म्हणजे ‘स्पिनट्रॉनिक्स’. इलेक्ट्रॉनला विद्युतभाराखेरीज ‘स्पिन’ हाही गुणधर्म असतो; त्यामुळे प्रत्येक इलेक्ट्रॉन जणू इवलासा चुंबकच असतो. लोह व क्रोमियमच्या अतिपातळ थरांतून वाहणाऱ्या विजेला होणारा रोध चुंबकीय क्षेत्रामुळे लक्षणीयरीत्या बदलतो, हे १९८८ मध्ये फ्रान्सचे आल्बेर फेर आणि जर्मनीचे पीटर ग्रुनबर्ग यांनी स्वतंत्रपणे शोधून काढले. १९९७ पासून या तत्त्वाचा वापर हार्ड डिस्क वाचण्यासाठी होऊ लागला आणि डिस्कची क्षमता झपाट्याने वाढली. २००७ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

‘एमरॅम’ ही याच संशोधनाची पुढची पायरी. तिच्या प्रत्येक घटकात दोन चुंबकीय थर आणि त्यांच्यामध्ये पातळ विद्युतरोधक थर असतो. एका चुंबकाची दिशा स्थिर असते, दुसऱ्याची बदलता येते. दोन्ही दिशा समान असल्या की रोध कमी, विरुद्ध असल्या की जास्त. हेच ‘०’ आणि ‘१’. ही दिशा टिकवण्यासाठी विजेची गरज नसते. २००६ मध्ये फ्रीस्केल कंपनीने ४ मेगाबिट क्षमतेची अशी चिप बाजारात आणली.

मग ती प्रत्येक संगणकात का दिसत नाही? डीरॅमच्या तुलनेत तिची किंमत जास्त आहे, हे एक कारण; दुसरे अधिक मूलभूत आहे. चुंबकाची दिशा बदलण्यास, म्हणजे माहिती लिहिण्यास, बराच विद्युतप्रवाह लागतो. चुंबक सहज वळणारा केला, तर तो उष्णतेच्या धक्क्यानेही वळून माहिती पुसली जाण्याचा धोका असतो. विद्युतप्रवाहाऐवजी विद्युतदाबाने दिशा बदलण्याचे प्रयोग याच पेचातून मार्ग काढण्यासाठी चालू आहेत. स्मृती जपण्यात वाचलेली वीज ती लिहिण्यातच खर्ची पडणार नाही, तेव्हाच या शोधाचा खरा लाभ पदरी पडेल.