लंडनचे पत्र : फोन पोलिसांकडे, व्हिसा नवऱ्याच्या नावावर

लग्न लागले की शरीरसंबंधाला बायकोची संमती कायमची मिळाली, असे मॅथ्यू हेल या इंग्रज न्यायाधीशाने लिहून ठेवले होते. त्याच्या मृत्यूनंतर 1736मध्ये ते छापले गेले. इथल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने हा नियम मोडीत काढला तो थेट ऑक्टोबर 1991मध्ये. भारतीय न्याय संहितेच्या कलम 63मध्ये तो अपवाद म्हणून अजून जिवंत आहे. म्हणजे नवऱ्याविरुद्ध बलात्काराची जी तक्रार मुंबईत करता येत नाही, ती आपल्या लेकींना इथे करता येते.

पुढे मात्र वाट अवघड आहे. 2024मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये बलात्काराच्या 70,000हून अधिक तक्रारी नोंदल्या गेल्या. त्या वर्षात आरोप ठेवले गेले ते शंभरात तीन प्रकरणांतही नाही.

आरोपी नवरा किंवा जोडीदार असला की तो संबंध नाकारत नाही. ‘तिची इच्छा होती,’ एवढेच म्हणतो. मग तपास तिच्या फोनकडे वळतो. दुसऱ्या दिवशी तिने ‘येताना दूध आण’ असा मेसेज केला असेल, तर बचावाचा वकील तोच पुढे करतो. ज्या घरात पुन्हा रात्र काढायची आहे, मुले झोपवायची आहेत, तिथे ती बाई दुसरे काय लिहिणार? या प्रश्नाला कोर्टात पुरेशी जागा मिळत नाही, याचा मला संताप येतो. त्यात क्राउन कोर्टांत 70,000हून अधिक खटले तुंबलेले. वर्षानुवर्षे तारखेची वाट पाहून बाई थकते आणि कागदावर नोंद होते, ‘तक्रारदाराने माघार घेतली’.

आपल्याकडच्या बायकांना आणखी एक भीती असते. आयटीतल्या नवऱ्याच्या वर्क व्हिसावर, डिपेंडंट म्हणून आलेली बाई घर सोडते, तेव्हा इथे राहण्याचा आधारही सुटतो. पोलिसांत गेले तर माहिती इमिग्रेशन खात्याकडे जाऊ शकते. साउथॉल ब्लॅक सिस्टर्स ही 1979पासूनची संस्था याविरुद्ध सतत लढते आहे. फेब्रुवारी 2024पासून अशा बायकांनाही तीन महिन्यांची सवलत मिळते : तेवढ्या काळात सरकारी मदत आणि निवारा मागता येतो. ब्रिटिश नागरिकाच्या बायकोला त्यानंतर कायम राहण्याचा अर्ज करता येतो. वर्क व्हिसावाल्याच्या बायकोला तो मार्ग नाही.

खटला उभा राहायला वर्षे लागतात आणि तिच्या हातात तीन महिने असतात.