अळीला आच, पाऱ्याला नाही

मुंबईतल्या शीवच्या मासळी बाजारात मावशी कल्ला उघडून दाखवतात, तेव्हा गिऱ्हाईक फक्त लाली बघतं. कधी तोंडातही डोकवा! एखाद्या माशाच्या जबड्यात पांढरट, बहुपायी किडा ठाण मांडून बसलेला सापडतो. सायमोथोआ त्याचं नाव. त्याचा अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरचा भाऊबंद तर माशाच्या जिभेचं रक्त पितो, जीभ झडली की स्वतःच जीभ होऊन राहतो. ही मंडळी आधी नर असतात, पुढे माद्या होतात. माणसाला उपद्रव शून्य.

ॲनिसाकिसची अळी मात्र कच्च्या माशातून पोटात गेली तर असह्य कळा आणते. जपानी सुशीखाऊंना ती चांगलीच ठाऊक आहे. पण ६० अंशांवर मिनिटभरात तिचा खेळ खलास. आपलं रटरटतं कालवण या परीक्षेत सहज पास. फाळणीनंतर शीव कोळीवाड्यात आलेल्या पंजाबी निर्वासितांनी घडवलेली, कढईतून निघणारी कोळंबी कोळीवाडाही!

माशातल्या धातूंना मात्र आच लागत नाही. शिसं आणि कॅडमियम मुख्यतः यकृत, मूत्रपिंड, कल्ले यांत साठतात, म्हणजे मासा साफ करताना बरंचसं कचऱ्यात जातं. चिंबोरीच्या कवचातला हिरवट-पिवळा गर चोखणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की कॅडमियमचा आवडता मुक्काम तोच. पारा त्याहून लबाड. तो मांसातल्या प्रथिनांना चिकटतो, म्हणजे थेट आपल्या तुकडीत. तळा, उकडा, आगळ चोळा, जात नाही. मोठा मासा लहानांना खातो, सोबत त्यांचा पाराही. म्हणून थोराड मुशीत तो जास्त, मांदेली-तारलीत कमी. आपल्याकडे दूध यावं म्हणून बाळंतिणीला मुशी खाऊ घालतात; ब्रिटनची आरोग्यसेवा गरोदर बाईला शार्कला, म्हणजे मुशीलाच, हातही लावू नको म्हणते. जपानच्या मिनामाता गावात १९५६ साली पाऱ्याच्या विषबाधेची अधिकृत नोंद झाली, त्याआधीच मासे खाणारी तिथली मांजरं झिंगल्यासारखी नाचत मरत होती.

आर्सेनिक? समुद्री माशात भरपूर! पण बहुतेक अशा रूपात, की शरीर ते जसंच्या तसं लघवीतून बाहेर टाकतं.

आणि कहर ऐका. जर्मनीतल्या रूर नदीतल्या माशांच्या आतड्यात काटेरी डोक्याचे कृमी सापडले. त्यांच्यात माशाच्या मांसापेक्षा दोन हजार पटींहून जास्त शिसं होतं. असे कृमी पोटात बाळगणाऱ्या माशाच्या स्वतःच्या अंगात शिसं कमी भरतं, असंही प्रयोगांत दिसलंय. फुकट राहणारा भाडेकरू निदान गटार तरी साफ करतोय!