तापीचा तळ मोजा

ऑगस्ट २००६ च्या महापुरात सुरतेचा बहुतेक भाग बुडाला. उकाई धरणातून किती पाणी सोडले, याचा वाद पुष्कळ झाला; परंतु ते वाहून नेणाऱ्या तापीच्या पात्रात गाळ किती, हेही पाहिले पाहिजे. तापीचे मुख उथळ, म्हणून तर सतराव्या शतकात मोठी विलायती जहाजे सुवाळीला नांगरत!

उथळ पात्रात मोठी लाँच रुतते. हवा भरलेली रबरी होडी तेथे सहज फिरते. पूर्वी तांडेल शिसे बांधलेली दोरी सोडून वावांत खोली सांगत. आता ध्वनिलहरी तळावरून परतण्यास लागणाऱ्या वेळेवरून ती कळते. मात्र सिंगणपोरच्या बंधाऱ्याखाली भरती-ओहोटी चालते. मोजतेवेळची पाणपातळी नोंदल्याखेरीज नुसत्या खोलीच्या आकड्याला आम्ही कवडीची किंमत देणार नाही. दर पावसाळ्यानंतर त्याच रेषांवर मोजणी व्हावी आणि आकडे सुरतकरांपुढे ठेवावेत.