सूत्र उघड झालं तर बिघडतं कुठे?

‘बाजारातून करून आणलेली किल्ली दार उघडते, स्टार्टरही फिरतो, मग इंजिन का धरत नाही?’ असं एका वाचकाने विचारलं आहे. कारण त्या किल्लीला दात आहेत, पण गाडीत नोंदलेली चिप नाही.

ही इवलीशी चिप किल्लीच्या मुठीत असते. तिला बॅटरी लागत नाही. इग्निशनभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यातून बहुधा 125 किलोहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र निघतं, त्यावरच ती जागी होते. गाडी तिला एक आकडा धाडते. चिप आपल्याकडच्या गुप्त संख्येने त्याचं उत्तर काढते. ते जुळलं, तरच इंजिन चालू राहतं. दर वेळी आकडा नवा, म्हणून कालचं उत्तर चोरून ऐकलेल्याला आज त्याचा काही उपयोग नाही. किती देखणी युक्ती! या व्यवस्थेला इमोबिलायझर म्हणतात. युरोपात 1998पासून नव्या मोटारींना तो सक्तीचा झाला. एका अभ्यासानुसार त्याने नेदरलँड्समधल्या मोटारचोऱ्या सरासरी 40 टक्क्यांनी घटवल्या.

घोडं अडलं ते उत्तर काढायचं सूत्र लपवण्यापाशी. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीच्या अशा चिपमधली गुप्त संख्या 40 बिटांची होती, म्हणजे सुमारे 1.1 लाख कोटी शक्यता. 2005मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी दडवलेलं सूत्र उलगडलं आणि ती संख्या तासाभराच्या आत शोधून दाखवली.

मेगामोस या दुसऱ्या इमोबिलायझर चिपची कथा तर संताप आणणारी आहे. रोएल फर्डुल्ट, फ्लाव्हिओ गार्सिया आणि बारिश एगे या संशोधकांना 2012मध्ये तिच्यातली कमजोरी सापडली. त्यांनी चिपनिर्मात्याला आधी कळवलंही. तरी 2013मध्ये फोक्सवॅगनने लंडनच्या न्यायालयातून त्यांच्या निबंधावर मनाई आणली. तो 2015मध्ये निघाला, तोही एक वाक्य गाळून. मधल्या काळात निबंध तेवढा अडला. रस्त्यावरच्या गाड्यांमधली चिप होती तशीच कच्ची राहिली.

ऑगस्ट केर्कहॉफ्स या भाषाशिक्षकाने 1883मध्येच बजावलं होतं, की सांकेतिक पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुप्त राहायची ती फक्त किल्ली, म्हणजे इथली गुप्त संख्या. एईएस हे सूत्र याच विचाराने निवडलं गेलं: जाहीर स्पर्धा, जगभरच्या तज्ज्ञांनी ते फोडण्याचे केलेले प्रयत्न, आणि मगच 2001मध्ये अमेरिकी प्रमाणाचा शिक्का. ते कुणीही वाचू शकतं, आणि 128 बिटांची गुप्त संख्या ठाऊक नसेल तर ते वाचून चोराच्या हाती काहीच लागत नाही. एईएस वापरणाऱ्या इमोबिलायझर चिपा आता मिळतात. गाडी घेताना रंग आणि मायलेजबरोबर ‘इमोबिलायझरमध्ये एईएस आहे का?’ हाही प्रश्न विक्रेत्याला जरूर विचारा.